तीच ही बोट : जुन्या लाइफबोटींचं जतन आणि आमच्या काही तक्रारी

 

आजच्या विषयाची जाहिरात झाली आणि आम्हाला दोन-तीन फोन आले. 'सर, तत्त्वज्ञानाच्या व्याख्यानमालेत लाकडी लाइफबोट कुठून आली?' प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर देण्याआधी एक कबुली देऊन टाकतो.

पस्तीस वर्षं आम्ही वर्गात थिसिअसचं जहाज शिकवलं. तुमच्यापैकी अनेकांना ते ठाऊक असेल. प्लूटार्क सांगतो की थिसिअस क्रीटहून ज्या तीस वल्ह्यांच्या जहाजातून परत आला, ते अथेन्सच्या लोकांनी जपून ठेवलं. फळी कुजली की ती काढायची आणि नवी बसवायची. होता होता सगळ्याच फळ्या बदलल्या. मग जहाज तेच की दुसरं? पुढे हॉब्जने १६५५ साली त्यात आणखी एक मेख मारली. समजा, कुणी त्या काढलेल्या जुन्या फळ्या साठवून ठेवल्या आणि त्याच क्रमाने पुन्हा जोडल्या, तर खरं जहाज कोणतं? आम्ही फळ्यावर दोन जहाजं काढायचो, मुलं हिरिरीने वाद घालायची, घंटा व्हायची, आम्ही डस्टरने दोन्ही जहाजं पुसायचो. या सगळ्या काळात कुजलेली फळी आम्ही एकदाही हातात धरलेली नव्हती, हे आज कबूल केलं पाहिजे. कुजलेल्या फळीला वास असतो. तिचा काही भाग बोटाने खरवडला तर भुसा होतो आणि उरलेला भाग इतका टणक असतो की खिळा निघत नाही. हा तपशील कोड्यात कुठेच नसतो, आणि आमचं म्हणणं असं की त्यामुळे कोडंच बिघडतं.

काही वर्षांपूर्वी मुलीकडे इंग्लंडच्या ईशान्य भागात राहण्याचा योग आला. तिथे हार्टलपूल नावाच्या गावी 'ट्रिंकोमाली' ही शिडाची युद्धनौका आहे. आपल्या मुंबईत, वाडियांच्या गोदीत, मलबारी सागवानात बांधलेली, १८१७ सालची. मुंबईचं लाकूड तिथे दोनशे वर्षं टिकलेलं पाहून आमची छाती जरा फुगली, हे नाकारत नाही. पण आजचा विषय ती नौका नव्हे. टीज नदीच्या मुखाच्या दक्षिणेला रेडकर नावाचं समुद्रकाठचं गाव आहे, तिथे एका जुन्या लाइफबोट-घरात 'झेटलंड' ठेवलेली आहे. १८०२ साली बांधलेली ही बोट म्हणजे आज शिल्लक असलेली जगातली सर्वांत जुनी लाइफबोट. पाचशेहून अधिक माणसं तिने समुद्रातून काढली. तिच्या स्वतःच्या खलाशांपैकी एवढ्या वर्षांत एकच माणूस गेला, १८३६ साली, लाटेने बोटीबाहेर फेकला जाऊन.

मोठी नाही हो ही बोट. साधारण तीस फूट लांब, दहा फूट रुंद, वल्ह्यांवर चालणारी. दोन्ही टोकं सारखीच निमुळती, म्हणजे लाटांमध्ये वळवत बसायला नको, वल्हेकऱ्यांनी उलटं बसलं की झालं. बाजूंना बुचाचं लाकूड बांधलेलं, तरंगण्यासाठी. बांधणारा हेन्री ग्रेटहेड, साउथ शील्ड्सचा. १७८९ साली टाइन नदीच्या तोंडाशी 'ॲडव्हेंचर' नावाचं जहाज फुटलं आणि काठावर उभ्या असलेल्या गावाला माणसं बुडताना नुसती बघावी लागली. त्यातून 'अशा समुद्रात जाऊ शकेल अशी बोट करा' म्हणून स्पर्धा लावली गेली. मूळ कल्पना ग्रेटहेडची की विल्यम वुडहेव्हची, हा वाद तिकडे अजून मिटलेला नाही. आम्ही त्यात पडत नाही.

आमचं लक्ष वेधून घेतलं ते १८६४ सालच्या हकिकतीने. त्या वर्षी एका बचावकार्यात 'झेटलंड'चं नुकसान झालं. गावाला नवी बोट मिळालेली होती, तेव्हा जुनीला तोडून टाकायचं ठरलं. गाव खवळलं. ज्या बोटीने आपल्या बापाला, चुलत्याला काठावर आणलं ती बोट डोळ्यांदेखत फोडायची? गावकऱ्यांनी ती तोडू दिली नाही, आपल्या ताब्यात घेतली, दुरुस्त केली. बरं, ती शोभेची वस्तू झाली का? नाही! १८८० सालच्या वादळात, म्हणजे वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, तिला पुन्हा समुद्रात उतरवावं लागलं, आणि ती माणसं घेऊन परत आली. आमचं स्वतःचं वय त्याच्या आसपास आहे, म्हणून हा आकडा आम्हाला जरा जास्तच आवडतो.

आता इथे थांबून विचार करा. १८६४ ची ती दुरुस्ती कोणत्या जातीची होती? मराठीत आपल्याकडे शब्द पुष्कळ आहेत : डागडुजी, दुरुस्ती, जतन, जीर्णोद्धार, पुनर्बांधणी. आपण ते सरमिसळ वापरतो, पण प्रत्येकाचा हेतू वेगळा. डागडुजी करणाऱ्याला उद्या ती वस्तू वापरायची असते. जतन करणाऱ्याला ती वापरायची नसते, ठेवायची असते. आणि जीर्णोद्धार करणाऱ्याच्या मनात एक जुनं चित्र असतं, त्याला वस्तू त्या चित्रासारखी करायची असते. आपल्या गावोगावच्या देवळांचं काय झालं ते आठवा. काळ्या दगडाच्या जुन्या मंडपाला गुलाबी ऑइलपेंट लागला, त्याला आपण जीर्णोद्धारच म्हणालो, आणि देणगीदारांची संगमरवरी पाटीही लावली. म्हणजे ज्याने दगड झाकला त्याचं नाव कायमचं, आणि ज्याने दगड घडवला त्याचं नाव कुठेच नाही.

रेडकरच्या लोकांनी १८६४ साली डागडुजी केली. बोट १८०२ सारखी दिसावी असं त्यांच्या मनातही आलं नसणार. त्यांना ती समुद्रात जाण्याजोगी हवी होती. आणि त्याआधीची बासष्ट वर्षंही ती अशीच, दर तडाख्यानंतर दुरुस्त होत आलेली. तेव्हा आज कुणी 'मूळ झेटलंड' म्हणाला, तर आम्ही विचारू, कोणती? ग्रेटहेडच्या कारखान्यातून बाहेर पडली ती फार तर पहिल्या वादळापर्यंत मूळ होती.

जतनाच्या क्षेत्रात सध्या दोन पक्ष आहेत, आणि दोघेही एकमेकांना अडाणी समजतात. एक संग्रहालयवाला पक्ष. त्याचं म्हणणं, हात लावू नका, छपराखाली ठेवा. दुसरा दर्यावर्दी पक्ष. त्याचं म्हणणं, जी पाण्यात जात नाही ती बोट नव्हे, बोटीचं प्रेत. आम्ही काही काळ पहिल्या पक्षात होतो. लाकूड म्हणजे काय हे थोडं समजल्यावर त्यातून बाहेर पडलो. दुसऱ्या पक्षात मात्र गेलो नाही.

ते लाकडाचं सांगतो. लाकडी बोट ओलाव्यावर जगते. पाण्यात फळ्या फुगतात आणि एकमेकींना घट्ट धरतात, सांधे आपोआप मिटतात. तीच बोट तुम्ही कोरड्या, उबदार दालनात आणून ठेवली की फळ्या आक्रसतात, सांधे उघडतात, काही वर्षांनी फटीतून पलीकडचं दिसायला लागतं. शिवाय पाण्यात असताना समुद्र तिला तळाखालून सगळीकडून उचलून धरतो. जमिनीवर तीच बोट चार-सहा ठोकळ्यांवर बसते, आणि टोकं हळूहळू खाली झुकू लागतात. इतकं हळू, की रोज झाडू मारणाऱ्यालाही कळत नाही. बाहेर उघड्यावर ठेवली तर पाऊस. आणि गंमत बघा, खाऱ्या पाण्यापेक्षा पावसाचं गोडं पाणी लाकडाला जास्त वाईट, कारण मीठ कुजण्याला आवर घालतं. त्यात खिळे लोखंडी आणि लाकूड ओकचं असेल तर आणखी पंचाईत. ओकमधलं आम्ल लोखंड खातं, लोखंड गंजून फुगतं, आणि फुगलेला खिळा भोवतीचं लाकूड फोडतो. म्हणजे बोटीला जोडणारी वस्तूच तिला आतून मोडत असते. तेव्हा 'हात लावू नका' हा नुसता उपदेश झाला. हात न लावतासुद्धा बोट बदलतच राहते. फक्त त्या बदलाची जबाबदारी कुणी घेत नाही.

आता दुसरा पक्ष. इंग्लंडच्या एसेक्स किनाऱ्यावर वॉल्टन-ऑन-द-नेझ इथली 'जेम्स स्टीव्हन्स नंबर १४'. या नावाची कथा तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याने ऐकावी अशी आहे. बर्मिंगहॅमच्या जेम्स स्टीव्हन्स नावाच्या गृहस्थांनी मृत्युपत्रात लाइफबोट संस्थेला पन्नास हजार पौंड ठेवले. त्यातून वीस बोटी झाल्या, आणि विसांनाही त्यांचंच नाव दिलं, पुढे फक्त नंबर! जाती आणि व्यक्ती शिकवायला याहून चांगलं उदाहरण आम्हाला नोकरीत असताना मिळालं असतं तर बरं झालं असतं.

तर ही चौदा नंबरची बोट १९०० सालची, त्रेचाळीस फुटी, शिडांची आणि वल्ह्यांची. १९०६ मध्ये तिच्यात पेट्रोलचं इंजिन बसवलं गेलं. आज शिल्लक असलेली सर्वांत जुनी मोटर-लाइफबोट म्हणून तिचा मान आहे. १९१७ च्या डिसेंबरात 'पेरेग्रीन' नावाची आगबोट वाळूच्या दांड्यावर रुतली, तेव्हा हिने ९२ माणसं वाचवली. एकूण २२७. १९२८ साली ती सेवेतून गेली, विकली गेली आणि पुढे लोकांच्या राहण्याची हाउसबोट झाली. १९९८ मध्ये तिथल्या एका वारसा-ट्रस्टने तिला विकत घेतलं, अनेक वर्षं खपून पुन्हा बांधून काढलं, आणि आज ती परत पाण्यात आहे.

काम देखणं आहे. आमची टीका कारागिरीवर नाही. शिवाय एक निर्णय त्यांनी विचारपूर्वक घेतला असं आम्हाला वाटतं. ती १९०० सालची केवळ शिडाची बोट म्हणून न दाखवता मोटर-लाइफबोट म्हणून दाखवली. तिचं वेगळेपण इंजिनात आहे, तेव्हा हे योग्यच. पण अशी एखादी तारीख निवडली की तिच्या पुढचं सगळं आयुष्य चूक ठरतं, खरवडून काढण्याची घाण ठरतं. हाउसबोटीची खोली काढावी लागते, खिडक्या काढाव्या लागतात. वारसा-प्रेमी मंडळी या काळाबद्दल बोलताना चेहरा जरा वाकडा करतात, जणू घरंदाज बाई कुठे तरी नको तिथे राहून आली! अहो, त्या काळाने तर तिला वाचवलं. इंग्लंडात सेवेतून गेलेल्या कितीतरी लाइफबोटी आज शिल्लक आहेत त्या यासाठीच, की कुणीतरी त्यांच्यावर छप्पर घातलं, आत शेगडी ठेवली, चहा केला, दर उन्हाळ्यात रंग मारला. १९६४ च्या व्हेनिस सनदेत वास्तूंबद्दल हे नीट सांगितलेलं आहे. सगळ्या कालखंडांनी घातलेल्या भरीचा मान राखा, जिथे अंदाज सुरू होतो तिथे जीर्णोद्धार थांबवा, आणि नवा भाग जुन्यात मिसळला तरी ओळखू यावा. बोटींना पहिली अट पूर्ण पाळता येत नाही, खोली ठेवून बोट पाण्यात नेता येत नाही, हे मान्य. मग निदान ती खोली काढण्याआधी मोजा, तिची चित्रं घ्या, आणि ती होती हे सांगा. ब्रिटनच्या ऐतिहासिक नौकांच्या राष्ट्रीय संस्थेने यासाठी हातपुस्तकं काढली आहेत. नोंद कशी करावी यावर स्वतंत्र, बोट सुटी कशी करावी यावर स्वतंत्र, आणि जतनावर स्वतंत्र. त्यातलं जतनाचं पुस्तक तेवढं लोक उघडत असावेत, असा आमचा आपला संशय.

मग ही तीच बोट का? थिसिअस सोडा, आपल्या नैयायिकांकडे चला. त्यांचा पवित्रा फार कठोर आहे. वस्त्रातून एक धागा काढला की जुनं वस्त्र नष्ट झालं. उरलेल्या धाग्यांत एक नवं वस्त्र उत्पन्न झालं, त्याला ते 'खंडपट' म्हणतात. म्हणजे एक फळी बदलली की बोट दुसरी! आणि तरीही आपण 'तीच ही' म्हणतो ते कशाच्या बळावर? तर ते म्हणतात, त्याच जातीची आहे म्हणून. बौद्ध याहून पुढे जातात. नागसेनाने मिलिंद राजाला विचारलं होतं, रथ म्हणजे चाक का, आस का, दांडा का? रथ हा नुसता व्यवहाराचा शब्द. विद्यार्थिदशेत आम्हाला हे बुद्धीचे खेळ वाटायचे. पण वॉल्टनच्या बोटीपुढे उभं राहून एखादा स्वयंसेवक शाळेतल्या पोरांना सांगतो, 'मुलांनो, याच बोटीने ९२ जणांना वाचवलं', तेव्हा तो नेमकं काय म्हणतो आहे? 'सोऽयं देवदत्तः' म्हणजे 'तोच हा देवदत्त', हे वाक्य वेदान्ताचा विद्यार्थी पहिल्या वर्षी शिकतो. काशीत पाहिलेला आणि इथे दिसणारा, दोन्हींतले फरक बाजूला ठेवून आपण एकच माणूस ओळखतो. मात्र इथे एक मोठी अडचण आहे. देवदत्ताला आधी आपण स्वतः पाहिलेलं असतं. १९१७ ची बोट त्या पोरांनी पाहिलेली नाही. त्या स्वयंसेवकानेही नाही. त्यांचं 'तीच ही' हे ओळखणं नव्हेच. ते कुणाच्या तरी शब्दावर ठेवलेला विश्वास आहे.

आमचं आजचं म्हणणं एवढंच आहे. लाइफबोटीच्या जीर्णोद्धाराचा प्रश्न आम्ही पस्तीस वर्षं तादात्म्याचा म्हणून शिकवला. तो शब्दप्रमाणाचा आहे. बोट बांधणारा सुतार आणि ट्रस्टचा चिटणीस हे इथे 'आप्त' आहेत, त्यांच्या वचनावर आपण विसंबतो. आप्ताचं लक्षण काय? त्याला माहीत असावं, आणि माहीत असलेलं त्याने जसंच्या तसं सांगावं. मग सत्तर टक्के फळ्या बदलल्या तरी आमची हरकत नाही. पण नव्या फळीला जुनीसारखा रंग देऊन, जुन्या खिळ्यांच्या खुणा काढून ती जुनी भासवली, की मात्र आमची हरकत आहे. बदललेल्या फळीच्या आतल्या अंगाला साल कोरा. काढलेल्या फळ्यांतली एखादी तरी, खिळ्यासकट, बोटीशेजारी ठेवा. येणारा माणूस ती हातात घेऊ दे. आणि पाटीवर 'पूर्ववत केलेली' असं लिहून मोकळे होऊ नका, काय नवं आणि काय जुनं हे साध्या भाषेत लिहा. बहुतेक ठिकाणी पाटीवर काय असतं? देणगीदार, तारखा आणि वाचवलेल्यांचा आकडा. गुलाबी ऑइलपेंटच्या देवळाची आठवण येते ती उगाच नाही.

कुणी म्हणेल, लोकांना हे नको असतं, त्यांना वीरकथा हवी असते. आम्हाला तसं वाटत नाही, आणि त्यासाठी एका तिसऱ्या बोटीचं उदाहरण देतो. व्हिटबी गावची 'विल्यम रायली'. १९०९ सालची, वल्ह्यांची.

१९१४ च्या ऑक्टोबर अखेरीला व्हिटबीजवळ 'रोहिला' नावाची आगबोट खडकांवर आदळली. ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीची, म्हणजे मुंबईच्या गोदीतली जुनी माणसं 'बी. आय.' म्हणायची तिची. युद्धामुळे तिला हॉस्पिटलचं जहाज केलेलं होतं. जवळपास २३० माणसं, किनारा डोळ्यांसमोर, आणि पोहोचता येत नाही. 'विल्यम रायली' त्या वेळी शेजारच्या अपगँगची लाइफबोट होती. तिला जमिनीवरून ओढत आणलं आणि दोरांनी कड्यावरून खाली सोडलं. विचार करा, टनांनी वजन असलेली बोट, उभा कडा, ऑक्टोबरातला वारा, हातांनी धरलेले दोर! एवढं करून ती जहाजापर्यंत पोहोचू शकली नाही. समुद्राने तिला जाऊच दिलं नाही. शेवटची पन्नास माणसं काढली ती टाइनमथहून रातोरात किनाऱ्याचे दिवे विझलेल्या काळोखात आलेल्या 'हेन्री व्हर्नन' या मोटरबोटीने. वल्ह्यांचा जमाना संपल्याची ती खूणच म्हणा. ऐंशीहून अधिक माणसं गेली.

२००५ साली ही 'विल्यम रायली' मोडकळीला आलेल्या अवस्थेत इंटरनेटवर विक्रीला निघाली. काही मंडळींनी ती घेतली, बांधून काढली, व्हिटबीला नेली, आणि आज तिथले लोक तिच्यात बसून वल्ही मारतात. त्या दिवशी जी बोट हरली ती त्यांनी जपली, आणि हरली हे लपवलेलं नाही. कुणी त्यांना 'मग कशाला जपता?' असं विचारल्याचं आम्ही ऐकलं नाही. हरलेल्या बोटीचं खरं सांगता येतं, तर बदललेल्या फळीचं सांगायला लाज कसली?

बरं, वेळ होत आली. पडद्यापलीकडून दोन चिठ्ठ्या आल्यात, तेवढ्या घेतो.

पहिली : 'या जुन्या बोटींवर खर्च करण्यापेक्षा तो पैसा नव्या लाइफबोटींना द्यावा असं वाटत नाही का?' प्रश्न चांगला आहे, आम्हालाही पडला होता. तिकडची लाइफबोट संस्था १८२४ पासून मुख्यतः देणग्यांवर चालते, आणि या जुन्या बोटींची कामं बहुतेक वेगळे, छोटे ट्रस्ट करतात. देणाऱ्याचा खिसा एकच असतो, हे मात्र खरं. कुणी आम्हाला शंभर पौंड देऊन निवड करायला सांगितली तर ते चालू बोटीलाच द्यावे लागतील. त्यावर आमच्याकडे उत्तर नाही.

दुसरी चिठ्ठी जरा खट्याळ आहे : 'सर, बुडायची वेळ आली तर तुम्ही या तिन्हींपैकी कुणाला हाक माराल?' तिन्हींपैकी कुणालाच नाही! आजच्या फायबरच्या, डिझेल इंजिनाच्या बोटीला. तीही दुरुस्त केलेली असली तर उत्तम. म्हणजे निदान तिची नोंदवही तरी कुणीतरी अलीकडे उघडलेली असेल.

पुढच्या व्याख्यानात नैयायिकांचा तो खंडपट पुन्हा घेऊ. आज तो घाईत झाला.